आधी ओढलेली रेघ
"बिचाऱ्याला लिहितासुद्धा येत नव्हतं," आमच्या टीचर शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या आणि मला ते ऐकू आलं. १९९०च्या सुमारास लंडनमधल्या इल्फर्डच्या लायब्ररीत फॅमिली हिस्ट्रीचा वर्ग भरायचा. खोलीत ओल्या कोटांचा आणि हीटरवर तापलेल्या धुळीचा वास असायचा. त्या दिवशी प्रत्येकाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक पूर्वज आणला होता, कोणी बेकर, कोणी रेल्वेतला हमाल. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे, लंडनला येणाऱ्या बोटीवरचे खलाशी. त्यांच्या नोकरीच्या कराराची फोटोकॉपी टेबलावरून हातोहात फिरत होती. खाली शाईचा काहीतरी आकार होता आणि शेजारी कारकुनाने इंग्रजीत लिहिलं होतं, 'याची खूण'. निरक्षर माणसाच्या फुलीपुढे लिहीत, तेच. कागद परत आल्यावर मी तो डोळ्यांजवळ धरला. आधी एक लांब सरळ रेघ ओढलेली, आणि मग तिच्याखाली टांगलेली अक्षरं. माझे बाबा तसंच लिहितात. रविवारच्या मराठी वर्गात मी तसं लिहिलं की बाई रागवायच्या, आधी अक्षरं काढ, रेघ मग. मी एकेक अक्षर लावत गेले आणि शेवटी अख्खं नाव लागलं. त्या खोलीत मी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. तो कागद आता माझ्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की माझाच आवाज आठवतो, मला वाटला होता त्यापेक्षा मोठा: "एक्स्क्यूज मी, ही खूण नाहीये, त्यांची सही आहे. थांबा, मी वाचून दाखवते."