जोडलेल्या स्टिकचा पहिला फटका

मुलीची हॉकी स्टिक मुठीखाली तडकली, तेव्हा मी सरळ नवी घेऊ म्हणाले. मोडलेल्या वस्तू सांधत बसणं मला पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती आणि तिला हातातली सवयीचीच हवी होती. म्हणून धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो.

त्याने तड्यात सरस भरला आणि ओठ दाताखाली धरून वर दोरा करकचून गुंडाळला. संध्याकाळी स्टिक सुकल्यावर मुलीने चेंडूला हळूच टोला दिला.

“काठी पक्की शे, अक्का,” तो मला म्हणाला. “पोरना हातच घाबरेल शे.” मुलीचा हात बिचकलेला आहे, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

मग त्याने स्टिक घेतली आणि जीव खाऊन दुकानाच्या दगडी पायरीवर आपटली. पुन्हा आपटली.

“आबा, मोडेल ना!” मुलगी ओरडली.

“मोडली तर इथंच मोडू दे, बेटा. जपून मारायची असेल तर खुंटीला टांग.”

स्वतःच्या दिवसभराच्या कामावर असा घाव घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. स्टिक शाबूत होती. त्याने ती मुलीच्या हातात दिली. तिने मारलेला चेंडू समोरच्या बंद शटरवर असा दणाणला, की अख्खी गल्ली बाहेर आली.