पाच पट्ट्यांची खार

आमच्या पंचाक्षरीमामाचं उमरग्यात फोटोचं दुकान होतं, पण जीव सगळा खारींत. निजामाचं राज्य, लढाईचे दिवस, फोटोच्या काचा मिळता मिळेनात. आणि हा पठ्ठ्या गिऱ्हाईक सोडून झाडाखाली मान वर करून फिरायचा. कुठल्या झाडावर तीन पट्ट्यांची, कुठल्यावर पाचाची, वहीत लिहून ठेवायचा. वेडाला काय औषध?

औषध रेवणप्पाच्या घरात होतं. त्याची मुलगी शिवकांता. मामानं तिला मागणी घातली तेव्हा रेवणप्पा भडकलाच. मागं एकदा तिच्या फोटोतले देवीचे वण मामानं काचेवर पेन्सिल फिरवून पुसले होते. पुसायला सांगितलं होतं रेवणप्पानंच! पण लोहारा गावचे पाहुणे मुलगी प्रत्यक्ष पाहून भरल्या ताटावरून उठले, तेव्हा खापर फुटलं पेन्सिलीवर.

"लबाड धंदा तुझा," रेवणप्पा म्हणाला. "खारीलाबी पाच पट्टे म्हणतोस! तीनच असत्यात. महादेवाच्या विभूतीवाणी."

"तुमच्याच चिंचेवर पाचाची हाय, अण्णा."

"फोटू काढून दाव. पाच निघाले तर पोरगी दिली, तीन निघाले तर पोरीचं नाव काढायचं न्हाय."

मामा नाचतच घरी आला. दुसऱ्या दिवशी रेवणप्पाच्या ओट्यावर कॅमेरा रोवून काळ्या कापडात शिरला. खार कुणालाच भीक घालेना. यायची ती फक्त शिवकांताच्या हातच्या शेंगदाण्यांना. मग तिला चिंचेखाली बसवलं. पहिल्या काचेत नुसतं शेपूट सापडलं. दुसरीला "हालू नगंस!" म्हणून रेवणप्पाच गरजला, खार थेट शेंड्यावर. म्हणून त्याला घरात पिटाळलं. तिसरीला शिवकांताला हसू फुटलं, मग कापडाच्या आत मामाला, मग कॅमेराच हलायला लागला. उरली शेवटची काच. शिवकांता अजून हसतच होती. खारीनं मामाकडं पाठ केली, दाणा धरला आणि गप्प बसली. खट्ट!

फोटो छापून आणला. रेवणप्पानं भिंग लावलं. पाच पट्टे मोजले आणि म्हणाला, "दोन तुझ्या पेन्सिलीचे."

मामाचं तोंडच उतरलं. आता शपथ घेतली तरी कोण ऐकणार?

"अप्पा," शिवकांता म्हणाली, "भिंग वर सरकवा. माझ्या तोंडावर."

वण सगळे जिथल्या तिथं होते. नाकाशेजारचा मोठा खड्डासुद्धा. आणि त्या तोंडानं ती अशी खळखळून हसत होती, की पाहुणे उठून गेल्यापासून बापानं ते हसू पाहिलं नव्हतं.

"हे का रं पुसलं न्हाईस?"

"पुसण्याजोगं काय दिसलंच न्हाय, अण्णा."

रेवणप्पानं उगाच खाकरून घेतलं. "मग पट्टेबी खरेच म्हणायचे," तो पुटपुटला, आणि ते पुन्हा मोजले, या खेपेला शेजाऱ्यांना ऐकू जातील असे. मग आत वळून बायकोला हाक मारली, "मल्लम्मा, गूळ आण. पाच हायेत!"