पान घेऊन उडालेली साळुंकी

कुठलंही पाखरू काढायचं झालं की चाचा आधी नुसता डोळा काढायचे. मग पेन्सिल कानावर ठेवून त्या डोळ्याकडे बघत बसायचे. "आपल्याकडं पाह्यते का? पाह्यते, तं मंग जित्तं हाय," म्हणायचे आणि उरलेलं पाखरू सरसर उतरवायचे.

तुमच्याही गावात असा एखादा पेंटर असेल. आमचे चाचा मूळचे देऊळघाटचे. बुलढाण्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पुढे फ्लेक्स आले आणि चाचांचे ब्रश वाळून गेले.

ऑनलाइन अर्ज भरून द्यायच्या माझ्या दुकानाच्या शटरवर त्यांनी काढलेला मोर होता. तो पाहून पुण्याच्या एका कंपनीचा पोरगा थबकला. ही कंपनी शेतकऱ्यांच्या अर्जांची साईट बनवत होती. साईट अडकली की जे एरर पेज दिसतं, त्यावर त्यांना गमतीचं पाखरू हवं होतं. पाखरू पाहून माणूस चिडत नाही म्हणे!

चाचांनी साळुंकी काढली. चोचीत अर्जाचं पान धरून उडते आहे आणि मान वळवून खुदुखुदु हसते आहे. खाली कंपनीची ओळ : "थांबा जरा, पाखरानं पान नेलं!"

साईट सुरू झाली आणि चाचा रोज दुकानात यायला लागले. "भाऊ, साईटचा पत्ता जरा चुकीचा टाका ना." मी टाकायचो, साळुंकी यायची. चहावाल्याला, ओळखीच्या कंडक्टरला, जो सापडेल त्याला धरून आणायचे. "हे म्या काढलं!" साईट बिघडलेली पाहून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच हंगामात कपाशीवर, आमच्याकडच्या पऱ्हाटीवर, गुलाबी बोंडअळी पडली. बीटीला अळी लागत नाही म्हणून लोकांनी विश्वासानं लावलेली कपाशी, आणि बोंड फोडलं की आत अळी. भरपाईच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला आणि साईट झोपली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होतो आणि पुन्हा पुन्हा साळुंकी येत होती. चाचा दारातच उभे होते.

रांगेत पहिली होती देऊळघाटची एक म्हातारी, चाचांची जुनी शेजारीण. ते तिला आत्या म्हणायचे.

"काय आलं रे त्याच्यात?" तिनं मला विचारलं.

मी ओळ वाचून दाखवली.

"आमची पऱ्हाटी गेली, अन् हे पाखरू हासून राह्यलं? कोनं केलं हे?"

चाचांचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. गुपचूप निघून गेले असते तरी कोणाला कळलं नसतं. पण ते गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"आत्या, म्या केलं."

मग त्यांनी माझ्याच फोनवरून कंपनीला फोन लावला. "ते हासनारं पाखरू काढून टाका. लिहा, चूक आमची हाय, माफ करा."

"काका, 'चूक आमची' असं लिहिता येत नाही," तिकडचा पोरगा म्हणाला. "आणि चित्र आवडतंय लोकांना."

दुकानातल्या लोकांकडे बघायची मलाही लाज वाटत होती. चाचा तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत साईट उघडली नाही. आत्याचा अर्ज राहिला तो राहिलाच. तिची पिशवी घेऊन चाचा बसस्टँडपर्यंत गेले. शटर ओढून मीही मागोमाग निघालो. गाडीत चढताना आत्यानं वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"येवढं मनाले लावून नको घेऊ बापा," ती म्हणाली. "पाखरू मातर बेस काढलं तू."

गाडी निघून गेल्यावर चाचा बाकड्यावर बसले आणि लेकरासारखे रडले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या मान खाली घालून ऐकल्या असत्या. हे मात्र त्यांना सोसलं नाही.

त्यानंतर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. पुढे मुलाकडे अकोल्याला गेले आणि तिकडेच वारले. साळुंकी अजून त्या साईटवर आहे. साईट अडकली की एखादं कॉलेजचं पोरगं हसतं आणि विचारतं, "काय भारी काढलं बे! कोनं काढलं?"

"माहीत नाही," मी म्हणतो. चाचांची अब्रू राखायला एवढंच माझ्या हातात आहे.