लोक त्याच्याबद्दल काय लिहितात

माझ्या मुलाबद्दल अनोळखी माणसं रोज चर्चा करतात, हे मला पहिल्यांदा कळलं ते डबा खाताना. मी अर्विंगमधल्या एका औषधांच्या दुकानात काम करते. माझ्याबरोबर काउंटरवर असते ती बाई इथलीच, टेक्सासची. आमचा मुलगा ज्या युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल खेळतो तिच्या टीमवर त्या बाईच्या अख्ख्या घराचा जीव. तिनं फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हा तुझाच ना?"

टीमच्या चाहत्यांची एक वेबसाइट होती आणि तिथे आमच्या मुलाच्या नावानं चर्चेचं एक वेगळं पान होतं.

इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ. आमचा मुलगा त्यात वाइड रिसीव्हर. मैदानाच्या कडेनं सुसाट पळत जायचं आणि लांबून फेकलेला चेंडू वरच्यावर झेलायचा, हे त्याचं काम. झेलला की समोरचे अंगावर येतातच.

मी घरी येऊन ते पान वाचून काढलं. याचे हात चांगले आहेत, पाय हलके आहेत, पण खांदे अजून भरायला हवेत, असं लोक लिहीत होते. पुढच्या वर्षापर्यंत याला खायला घाला, असंही एकानं लिहिलं होतं. कोणीतरी विचारलं होतं, हा नेमका कुठला? हवाईचा असेल, असं एक उत्तर. दुसरं उत्तर, नाही, इंडियन आहे, बाप डॉक्टर असणार. त्याचे बाबा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात.

मला बघायला आले होते तेव्हा नवऱ्याच्या आत्यानं मला खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. ते आठवलं. तेव्हा राग आला होता, आता मात्र आला नाही. खरं सांगायचं तर मला फार छान वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा घेताना मी ते पान वाचायला लागले.

खेळ मी त्या लोकांकडूनच शिकले. तोवर मी स्टेडियममध्ये जायचे, पण मला फक्त तो उभा आहे की पडला एवढंच कळायचं. आता तो वळला कसा, थांबला का, हे समजायला लागलं. एकजण कायम त्याची बाजू घ्यायचा. त्यानं स्वतःच्या फोटोऐवजी म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो लावला होता, म्हणून मी मनात त्याला कुत्रेवाले काका म्हणायचे. "पोरगं अजून शिकतंय, धीर धरा," असं ते लिहायचे. मला ते माहेरच्या माणसासारखे वाटायचे.

नवऱ्याला या खेळाचं कधीच कौतुक नव्हतं. मुलगा सातवीत असताना शाळेतून एक फॉर्म आला होता. त्यात डोक्याला मार लागण्याबद्दल एक परिच्छेद होता. नवऱ्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "टेनिस काय वाईट आहे?" मुलगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी सह्या केल्या.

युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षी त्याला नियमित खेळवायला लागले. त्या वर्षी हंगाम अर्ध्यावर आला असताना एका गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. तो एरवी रविवारी करतो. मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला.

"आई, आज प्रॅक्टिसमध्ये जोरात लागलं," तो म्हणाला. "डोक्याला. थोडा वेळ सगळं डबल दिसत होतं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नो. सांगितलं तर बसवतील. माझ्या मागे एक फ्रेशमन आहे, फर्स्ट इयरचा, ही इज रिअली गुड. एकदा बसलो की संपलं."

"थांब, बाबांना देते फोन."

"प्लीज नको. मी फक्त तुला सांगतोय. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं. तो घरातून गेल्यापासून आमचं बोलणं जेवलास का, झोपलास का, एवढ्यावर आलं होतं. त्यानं आपणहून काहीतरी सांगितलं, तेही फक्त मला, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की तो काय सांगतोय ते मनात नीट उतरायला रात्र गेली.

शुक्रवारी दुपारी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी टीमच्या मेडिकल ऑफिसला फोन लावला. एक बाई बोलली. आवाज मऊ होता. मी म्हटलं, मी अमक्याची आई, त्याची तब्येत कशी आहे ते विचारायचं होतं. ती म्हणाली, "तो सज्ञान आहे. त्याच्या परवानगीशिवाय आम्ही काहीच सांगू शकत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हाला आम्हाला काही सांगायचं असेल तर मी ऐकते आहे."

ती ऐकत राहिली. मी समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचत होते. मग मी म्हटलं, "नाही, काही नाही," आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी मॅच होती. या वेळी आम्ही टीव्हीवर बघत होतो. त्याच्या हातातून तीन चेंडू सुटले. तिसरा तर सरळ छातीवर आदळून खाली पडला आणि तो तिथेच उभा राहून हातांकडे बघत राहिला. नवरा म्हणाला, "आज काय झालंय याला?" मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ती वेबसाइट उघडली.

हाताला तेल लावून आलाय का, असं कोणीतरी लिहिलं होतं. याचं डोकं ठिकाणावर नाही. दोन चांगल्या मॅच झाल्या आणि साहेब हवेत गेले. त्या फ्रेशमनला आणा. मी कुत्रेवाले काका शोधत खाली खाली गेले. त्यांनी लिहिलं होतं, "आज मलाही काही बोलवत नाही. कोच, काढा याला बाहेर."

बाकीच्यांचं मी कदाचित सहन केलं असतं. मी तिथे खातं उघडलं, नावाच्या जागी सुचेल ते टाकलं आणि लिहिलं, "त्याला गुरुवारी डोक्याला लागलं आहे. त्याला सगळं डबल दिसत होतं. कृपा करून असं बोलू नका."

पहिलं उत्तर लगेच आलं. "तू काय त्याची आई आहेस का?" खाली बरेच जण हसले होते. मग एकानं विचारलं, ही बातमी पक्की आहे का, पुढच्या मॅचवर पैजा लावायच्या आहेत. दुसरा म्हणाला, खोटं आहे. तिसरा म्हणाला, नाही, तो वळताना अडखळत होता, मी बघितलं. थोड्याच वेळात माझं वाक्य उचलून लोकांनी इतर ठिकाणी नेलं होतं. मी ते पुसायचा प्रयत्न केला. पुसायचं कुठून ते सापडेना. सापडलं असतं तरी काय उपयोग होता.

मी फोन नवऱ्यासमोर ठेवला आणि गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. त्यानं वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुला गुरुवारपासून माहीत होतं?"

"हो."

"मला नाही सांगितलंस. आणि यांना सांगितलंस."

त्यानं मुलाला फोन लावला. चार वेळा लावला. मुलानं उचलला नाही.

रविवारी सकाळी टीमच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. तपासण्या केल्या आणि त्याला खेळायला बंदी घातली. हे त्यानं दुपारी स्वतः फोन करून सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं. मग विचारलं, "आई, वॉज इट यू?"

मी म्हटलं, "लोक तुझ्याबद्दल काहीही लिहीत होते रे."

"लोक लिहितात. मी वाचत नाही," तो म्हणाला. "मी फक्त तुला सांगितलं होतं."

मी सॉरी म्हणाले. मराठीत काय म्हणावं ते सुचलं नाही. तो "ओके" म्हणाला आणि फोन ठेवला. तो ओरडला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

पुढच्या शनिवारी आम्ही चार तास गाडी चालवून त्याच्याकडे गेलो. पडदे लावून तो खोलीत बसला होता. उजेडाचा त्रास होत होता. मी वरणभात, मेथीची भाजी, चकल्या, सगळं नेलं होतं. तो जेवला. बाबांशी गाडीच्या टायरबद्दल बोलला. मला म्हणाला, "थँक्स फॉर द फूड." त्याच्या केसांतून हात फिरवावा म्हणून मी उठले, पण नक्की कुठे लागलं होतं ते मला माहीत नव्हतं आणि आता विचारायची सोय नव्हती. मी पेल्यात पाणी ओतून परत बसले.

येताना नवरा म्हणाला, "डॉक्टर त्याला म्हणाले, त्या अवस्थेत आणखी एक फटका बसला असता तर..." थोड्या वेळानं म्हणाला, "तू लिहिलंस ते एका अर्थी बरंच झालं."

त्याला मला धीर द्यायचा होता, हे कळत होतं. पण शुक्रवारी फोनवर त्या बाईला दोन वाक्यं सांगितली असती तर शनिवारी तो मैदानात उतरलाच नसता. ते मला माहीत आहे आणि नवऱ्यालाही माहीत आहे. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

त्या हंगामात तो परत खेळला नाही. त्याची जागा फ्रेशमनला मिळाली आणि तो मुलगा खरोखरच चांगला निघाला. आता चर्चा त्याच्या पानावर चालते. आमच्या मुलाच्या पानावर कधीतरी कोणी विचारतं, हा अजून टीममध्ये आहे का? तो आहे. या वर्षी त्याला अधूनमधून उतरवतात. दर रविवारी न चुकता फोन करतो, दहा मिनिटं बोलतो. "आय ॲम फाइन, आई. ऑल गुड." मी जेवणाचं विचारते, तो सांगतो. आवाजात राग नसतो. दुकानात गिऱ्हाइकाशी मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात तो माझ्याशी बोलतो.

दोन आठवड्यांपूर्वी टीव्हीवर मॅच बघत होतो. त्यानं एक चेंडू झेलला, दोघं त्याच्यावर कोसळले आणि तो उठायच्या आत जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा दुसरे खेळाडू मैदानात होते. पुढे तो दिसलाच नाही. मॅच संपल्यावर मी फोन लावला. "आय ॲम फाइन." नवऱ्यानं फोन घेतला. त्यालाही तेच.

मग मी ती वेबसाइट उघडली. त्या लोकांमध्ये पुन्हा लिहिण्याची माझी हिंमत नाही, पण वाचणं मी सोडलेलं नाही. सगळे त्या दुसऱ्या मुलाबद्दल लिहीत होते. खाली एका माणसानं, ज्याचं नाव मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं, तीन ओळी लिहिल्या होत्या. तो स्टेडियममध्ये होता. आमच्या मुलाला उठायला वेळ लागला, पण तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. बाकावर बसून पाणी प्यायला. शेजारचा काहीतरी म्हणाला त्यावर हसला.

मी नवऱ्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं.