गोरक्षची अरुंद चित्रं

गोरक्ष निमसेबद्दल लिहायचं तर आधी कबूल केलेलं बरं, की मी त्याच्यावर जळतो. माणूस वाईट नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गेल्या दिवाळीपासून त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला उज्वलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बरेचदा सांगून झालंय.

आम्ही दोघंही ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होतो. मी तपासनीस, तो स्टोअरमध्ये. माझ्या टेबलावरचा सुटा भाग केसभर जरी चुकलेला निघाला तरी मी त्याला लाल रंग फासायचो आणि त्याचे दोन तुकडे करवून घ्यायचो. चुकून तो पुन्हा कुठल्या विमानात बसायला नको, म्हणून. चौतीस वर्षं मी हेच केलं. गोरक्षचं सगळं उलटं. वाकलेले खिळे, पुठ्ठ्याची खोकी, सुतळीचे तुकडे, तो काही म्हणजे काही टाकायचा नाही. सगळ्याला चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचा. आम्ही त्याला हसायचो, तोही आमच्याबरोबर हसायचा.

निवृत्त झाल्यावर मी जलरंग हातात घेतले. शाळेत मला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, ती चौतीस वर्षं वाया गेली असं वाटत होतं. आर्किटेक्चर कॉलेजात शिकवणाऱ्या फलक मॅडम नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, चित्रं काढणाऱ्यांचा एक गट चालवतात. रोज सकाळी घाटावर यायचं, एक चित्र करायचं आणि घरी जायचं. चांगलं होवो, वाईट होवो, दिवस चुकवायचा नाही. गटाचं वर्ष संपलं की प्रदर्शन भरतं आणि त्यातली एक अख्खी भिंत एकाच माणसाला मिळते. ती भिंत मला हवी होती. मुलाबाळांना, कारखान्यातल्या जुन्या लोकांना बोलावून ती दाखवायची, एवढीच इच्छा उरली होती म्हणा ना.

आणि या गटाबद्दल गोरक्षला कुणी सांगितलं? मीच! भाजी बाजारात भेटला, घरी बसून कंटाळलोय म्हणाला, मी दया दाखवली. दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. हातात नातीचा रंगांचा डबा आणि जुन्या कॅलेंडरची पानं.

सुरुवातीचे तीन महिने फार सुखाचे गेले. त्याची देवळं वाकडी यायची. तेलात सोडलेल्या पापडासारखं कॅलेंडरचं पान फुगायचं. नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यानं काढली तर ती दुधाच्या किटलीसारखी दिसत होती. ‘‘साहेब, हे कुठं चुकलं?’’ असं तो विचारायचा आणि मी अगदी प्रेमानं सांगायचो. हरणाऱ्याशी प्रेमानं वागायला काय जातंय?

माझं काम मात्र कडक होतं. जाड सुती कागद, चांगले ब्रश. चित्र झालं की पायरीवर उभं करायचं, चार पावलं मागं जायचं आणि तपासायचं. ओल्या रंगात जास्तीचा थेंब पडून डाग फुलला, नापास. पुलाची कमान जरा ढासळली, नापास. नापास झालं की खिशातून कटर काढून मधोमध उभं कापायचं आणि दोन्ही तुकडे घाटावरच्या कचऱ्याच्या डब्यात. मग पिशवी उचलून घरी. वर्षभरात मी एक दिवस चुकवला नाही, आणि पास झाली नऊ चित्रं.

दिवाळीनंतर गोरक्षचा हात बदलला. आधी कागद बदलला. माझ्यासारखाच जाड सुती कागद आला, पण पट्टीसारखा अरुंद आणि उभा. हा माणूस असला कागद आणतो कुठून, असं मनात यायचं, पण विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं मी त्याच्याकडे बघतो. त्या अरुंद पट्टीत तो एकच दीपमाळ घ्यायचा, नाहीतर वाळत घातलेल्या दोनच साड्या आणि खाली पाणी. एके दिवशी फलक मॅडम त्याच्यामागं बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘‘निमसे काका, काय सोडायचं हे तुम्हाला कळायला लागलंय,’’ म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. उज्वलानं कारण विचारलं, मी पित्त झालंय म्हणून सांगितलं.

भिंतीचा निर्णय झाला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना वर्षाची चित्रं आणायला सांगितलं. मी नऊ नेली. गोरक्षनं दोन पिशव्या भरून आणल्या.

‘‘देवरे काका, तुम्हीसुद्धा रोज आलात. बाकीची चित्रं कुठं आहेत?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘नापास झाली,’’ मी म्हटलं.

त्यांनी माझी नऊ चित्रं मला परत केली आणि भिंत गोरक्षला दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो त्या दोन्ही पिशव्या घेऊन माझ्या दारात. ‘‘साहेब, बारा निवडायची हायेत. मला नाय कळत त्यातलं. तुमची नजर लय बारीक. तुम्हीच पास करा.’’ जिना उतरता उतरता वळून म्हणाला, ‘‘मागून पण बघा हां, साहेब.’’

तारखा टाकल्या असतील, असं मला वाटलं.

आता खरं ते सांगतो. मी ठरवून वाईट निवडायला बसलो. किटलीसारखी घंटा सगळ्यात आधी बाजूला काढली. मग अशीच आणखी अकरा, गढूळ, लडबडलेली, कमानी कोसळलेली. तपासनिसाचा शब्द म्हणून ती भिंतीवर लागली असती, बघणाऱ्यांनी नाक मुरडलं असतं आणि मी लांब उभा राहून चहा प्यायलो असतो. बारा झाली. अनुक्रमांक टाकायला एक उलटं केलं.

मागं माझं आभाळ होतं.

माझंच. पुलावरचं, मार्गशीर्षातलं, जास्तीच्या थेंबानं डाग फुललेलं म्हणून मी कापलेलं. डावी अर्धी बाजू. कडेला गोरक्षच्या स्टोअरमधल्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘साहेबांनी खालचं ओलं असतानाच निळा सोडला. आपण वाळू दिलं, म्हणून कड पडली. उद्या असं करायचं.’ मी दुसरं उलटं केलं. माझ्या पायऱ्या. ‘साहेबांची सावली एका फटक्यात हाय. आपण चार वेळा गिरवली.’ तिसरं, चौथं. मग दोन्ही पिशव्या पलंगावर ओतल्या. दिवाळीपासूनच्या जवळपास प्रत्येक चित्राच्या पाठीवर माझं अर्धं नापास चित्र, आणि त्याखाली त्यातून तो काय शिकला ते.

मला गहिवरून आलं असं लिहायला हवं. आलं नाही. राग आला. माझे डाग, माझ्या ढासळलेल्या कमानी, आणि शिकला कोण तर हा! मी त्यांच्याकडे चार पावलं मागून पाहिलं होतं, यानं मांडीवर घेऊन पाहिलं. त्या मार्गशीर्षातल्या आभाळाकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. तो डाग आता मला ढग वाटत होता. चांगला ढग होता. आज तसा काढायचा म्हटलं तर मला येईल की नाही, सांगता येत नाही, कारण तो कसा आला हेच मी लक्षात ठेवलं नव्हतं.

वाईट बारा मी परत पिशवीत टाकली. मग मन लावून निवडली. उत्तम बारा निवडली, कारण खोटं पास करायला हात धजेना. शिवाय पाठीमागं मीही होतो.

प्रदर्शनात भिंतीपुढं गर्दी हटत नव्हती. गोरक्ष इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अवघडून उभा होता. त्या बारा चौकटींत माझी बारा आभाळं, पायऱ्या, पाणी भिंतीकडे तोंड करून लागलेली होती, आणि हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. एका तरुण मुलीनं त्याला विचारलं, ‘‘काका, हा अरुंद आकार तुम्हाला कसा सुचला?’’

‘‘मला नाय सुचला,’’ त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘कागद साहेबांचा हाय. तेच कापून देतात.’’

मुलगी लगेच माझ्याकडे आली. मी कागदाचा व्यापारी असावा, असंच तिला वाटलं. ‘‘काका, दुकान कुठं आहे तुमचं? मलापण हवाय असा कागद.’’

गोरक्ष माझ्याकडे बघत होता. त्या सकाळी मी घाटावर केलेलं चित्र पार बिघडलं होतं. ते माझ्या पिशवीत होतं, अख्खं. पाठीवर तारीख होती आणि काय चुकलं तेही लिहिलं होतं.

‘‘आता नाही मिळायचा,’’ मी त्याच्याकडे बघूनच म्हटलं. ‘‘मी कापणं बंद केलंय.’’