खरखर गेली, माणूसही गेला

"आता इंजिन चालू करा," मी म्हटलं.

बाळाशेठ हसले. "साहेब, रेडिओ ऐकायचा की इंजिन?"

"दोन्ही. वर इंजिन बंद ठेवणार आहात का?"

मानपाड्याला त्यांच्या शेडबाहेर त्यांनी स्वतः बांधलेला गायरोकॉप्टर उभा होता. डोक्यावर वाऱ्याने फिरणारा मोठा पंखा, पाठीमागे ढकलणारं इंजिन, मधे उघड्यावर एक माणूस. धावपट्टीवर दुसरं विमान उतरतंय का, हे त्या माणसाला रेडिओच सांगणार. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. सगळी नोकरी विमानांच्या रेडिओवर काढली. उगाच कशालाही ओके म्हणत नाही.

शेठनी टच स्क्रीनवाला सेट आणला होता. पेढेही वाटून झाले होते. इंजिन बंद असताना, वरून मुंबईकडे निघालेल्या पायलटांचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं.

इंजिन सुरू झालं आणि हेडफोनमध्ये भजी तळायला लागली. प्लगच्या प्रत्येक ठिणगीचा गोंगाट रेडिओ पकडतो. शेठनी चटकन स्क्वेल्च वाढवला. स्क्वेल्च म्हणजे रेडिओचा वॉचमन, कमजोर आवाज आत सोडत नाही. खरखर थांबली. शेठनी अंगठा दाखवला.

तेवढ्यात सुवर्णावहिनी, शेठच्या मिसेस, हातवारे करत आल्या. माझा हातात धरायचा छोटा सेट देऊन मी त्यांना इंजिनापासून लांब, गेटपाशी उभं केलं होतं. इंजिन बंद केलं.

"अहो, पायलट कधीचा बोलतोय! तुम्हाला ऐकू नाही आलं?"

शेठनी हेडफोन काढून उलटसुलट पाहिला.

"वॉचमनने चोराबरोबर पाहुणाही हाकलला," मी म्हटलं. "हा सेट चालणार नाही."

"अहो, गावभर सांगून बसलोय, टच स्क्रीन आहे म्हणून!"

"मग गावाला फोटो दाखवा," वहिनी म्हणाल्या. "वर तुम्ही जाणार, गाव नाही."

दोष निम्मा इंजिनाचाही होता. प्लगच्या वायरींवर धातूच्या जाळीचं आवरण चढवलं, अँटेना पुढे नाकाकडे नेली. मग शेठचा आणि मी आणलेला, असे दोन सेट भर उन्हात, हातमोजे घालून तपासले. टच स्क्रीन उन्हात दिसेना, मोजा ओळखेना. दुसरा साधा, फिरवायच्या जाड बटणांचा. इंजिन चालू असतानाही शब्द न् शब्द कळत होता.

"हा तर ट्रॅक्टरमधल्या टेपसारखा दिसतो," शेठ कुरकुरले.

"दिसू दे."

पहिल्या उड्डाणात शेठ उतरायला वळले आणि कानात दुसऱ्या पायलटचा आवाज आला, "थांबा, समोरून मी उतरतोय." त्यांनी आणखी एक फेरी मारली, मग उतरले. हेल्मेट काढून म्हणाले, "बोलतो बरा, तुमचा टेप."

रेडिओ घेताना लोक विचारतात, शांत आहे ना? शांत तर बंद सेटही असतो.