नवऱ्याची सही आणि माझं मत

आज आमच्या संत तुकाराम नगरच्या सोसायटीत एका उमेदवारबाईंचं हळदीकुंकू होतं.

शेजारची रेश्मा चाकणला कंपनीत आहे. तिला दिवस गेलेत, पण तिसरं मूल नकोय. कायद्याने गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, तरी दवाखान्याने नवऱ्याची सही मागून तिला परत पाठवलं.

हळदीकुंकवात तिने उमेदवारबाईंना विचारलं, "ताई, निवडून आलात तर हे थांबवाल?"

"अगं, हा घरातला विषय. मिस्टरांशी बोल," म्हणत त्यांनी तिच्या हातात वाणाचा डबा ठेवला.

"बोलले. ते नाही म्हणाले, म्हणून तुमच्याकडे आले."

बायका हसल्या. मीही हसले, आणि तेव्हापासून चैन नाही. गर्भपातासाठी रेश्माच्या हातात थोडेच दिवस उरलेत. उद्या मी तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे.

मैत्रिणींनो, मी उमेदवारांना नेहमी पाण्याचं विचारलं, रस्त्याचं विचारलं. हे कधीच नाही. तुम्ही विचारलंय?